दाखवलं आणि झालं : एका ट्रेलरवालीची वही

टीव्हीवर मालिकेचा प्रोमो लागला की घरोघरची माणसं पाणी प्यायला उठतात. मी वही उघडते. दोनशे पानांची, रेघांची साधी वही आहे. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारून मी दोन रकाने केले आहेत. डाव्या रकान्यावर लिहिलंय ‘दाखवलं’ आणि उजव्यावर ‘झालं’. प्रोमोत जे दिसलं ते डावीकडे लिहायचं, मग आठवडाभर ती मालिका बघायची आणि प्रत्यक्षात जे घडलं ते उजवीकडे लिहायचं. मागच्या आठवड्यातलीच नोंद सांगते. दाखवलं : सासूने सुनेला हाताला धरून भर मांडवातून बाहेर काढलं, पूजेचं ताट खणखणत पडलं, सून रडली. झालं : सासूने सुनेला बाहेर नेलं, कारण फाटकाशी सुनेचे वडील येऊन उभे होते. सून आनंदाने रडली. ताट दुसऱ्याच दिवशी पडलं, ते मांजरीने पाडलं.

मला राग येतो. माझा रक्तदाब तपासणाऱ्या डॉक्टरांनी मालिका बंद करा म्हणून सांगितलंय. मी त्यांना म्हटलं, मालिकेने नाही वाढत, प्रोमोने वाढतो. त्यांना वाटलं मी गंमत करते.

माझा धंदा ट्रेलर बनवण्याचा. सिनेमाचे नव्हे, नाटकांचे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे धान कापून झालं की गावोगाव मंडई भरते, आणि मंडईला नाटक पाहिजेच. नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशाला आहेत. गावातलं मंडळ वडशाला येतं, चार ऑफिसं फिरतं, भाव करतं आणि नाटक बुक करतं. पूर्वी कलावंतांच्या नावावर बुकिंग व्हायचं. आता मंडळाची माणसं खुर्चीवर बसायच्या आधी मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, ट्रेलर दाखवा जी. तो अडीच मिनिटांचा ट्रेलर मी बनवते. एटापल्लीकडच्या काही गावांना नेट पोहोचत नाही, तिथे तो कार्डात भरून बसने पाठवते. ऊर्जानगरला वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहणारी, पण गावच्या मंडईला हमखास रजा टाकणारी माणसंही माझाच ट्रेलर बघून रजेचा अर्ज लिहितात.

मंडई म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. मंडईच्या दिवशी गावच्या लग्न करून गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी येतात. जावई येतात, त्यांची पोरं येतात, आते-मामे येतात. एकेका घरात वीस-वीस माणसं जेवतात. सोयरिकीच्या गोष्टी तिथेच निघतात. नाटक हे त्या पाहुणचाराचं शेवटचं पक्वान्न. आणि हे सगळं रांधतं कोण? त्या घरातली सून, म्हणजे आलेल्या लेकींची वहिनी. एवढं ध्यानात ठेवा.

मी तलावाच्या पाळीवरची. आमचे लोक मासळी मारणारे आणि माझी आई ती आठवडी बाजारात विकणारी. भाव करायला मी तिच्या टोपलीमागे बसून शिकले. मासळीचं गिऱ्हाईक फार शहाणं असतं. ते भाव विचारायच्या आधी मासा उचलतं आणि कल्ला उघडून बघतं. कल्ला लाल असला तर मासा आजचा. आमच्या बाजारात एकजण कल्ल्याला लाल रंग चोळायचा. आईने एकदा त्याची अख्खी टोपली नालीत उलटवली. तो भांडायला उठला तेव्हा ती म्हणाली, ‘तू एक मासा नाई विकून राह्यला, तू आमच्या सगळ्याइचा बाजार विकून राह्यला.’ आईचा राग मला आला आहे. तिची अक्कल मात्र उशिरा आली, तीच गोष्ट सांगायला बसले आहे.

लग्न झालं ते जीपवाल्याशी. नाटकाच्या दिवशी सकाळी जीपला भोंगा बांधून आजूबाजूच्या गावांतून पुकारा करत फिरायचं, हे त्यांचं काम. एक दिवस पुकारणारा आलाच नाही, मंडळाचे लोक ओरडायला लागले, तेव्हा मी माइक घेतला. बाईचा आवाज भोंग्यातून आल्यावर लोक घराबाहेर आले. त्यानंतर बारा हंगाम मी पुकारा केला. पुकाऱ्याची रीत अशी होती की सगळं नाटक सांगायचं. शेवटसुद्धा. ‘आणि शेवटी धाकटा भाऊ मोठ्या भावाच्या पायावर डोकं ठेवून प्राण सोडतो, ते आपल्या डोळ्यांनी बघायला या,’ असं आम्ही सकाळी दहा वाजता सांगून मोकळे व्हायचो. कोणीही म्हटलं नाही की आता कळलं, कायले जायचं. धाकटा मरतो हे ठाऊक होतं, म्हणूनच लोक यायचे.

मग मोबाइल आले, भोंगे कमी झाले. मी ब्रह्मपुरीला व्हिडिओ जोडायच्या क्लासला गेले तेव्हा चाळिशी उलटली होती. शिकवणारे म्हणाले, ‘काकू, शिवणक्लास वरच्या माळ्यावर आहे.’ मी फी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि कॉम्प्युटरसमोर बसले. तीन महिन्यांनी त्यांच्याच भाचीच्या लग्नाची कॅसेट मी जोडून दिली.

या धंद्यात मी सेकंद विकते. अडीच मिनिटं म्हणजे दीडशे सेकंद, आणि कंपनीत कलावंत पंचवीस. प्रत्येकाला आपलं तोंड दिसायला पाहिजे. हिरोला पंधरा पाहिजेत, विनोदी नटाला वीस, आणि तबलजीसुद्धा येऊन म्हणतो की माझा हात तरी दाखवा. एका खलनायकाने तर नायिकेच्या रडण्यातले दोन सेकंद मागितले. मी त्याला म्हटलं, ती रडते आहे ती तुझ्यामुळेच, ते सेकंद तुझेच समज. तो समाधानाने गेला. एका कंपनीच्या मालकाला ट्रेलरमध्ये जळणारी गाडी पाहिजे होती. मी विचारलं, नाटकात गाडी आहे का? नाही म्हणाला. सायकल? तीही नाही. मग काय जाळू? तो म्हणाला, ‘टीव्हीवर जाळतात ना.’

टीव्हीवर. हे एक वाक्य मला दहा मालकांनी ऐकवलं. टीव्हीच्या प्रोमोसारखं करा, तसं झटकेदार करा. शेवटी मी हट्टाला पेटले. बघूच म्हटलं या लोकांनी काय सोनं लावलंय. हंगाम संपला, उन्हाळा लागला, आणि मी वही घेऊन आईच्या खाटेशेजारी टीव्हीपुढे बसले. आई तेव्हा माझ्याकडेच असायची. तिचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती.

प्रोमो एकदा बघून काही कळत नाही. मी ते मोबाइलवर उतरवून घेत असे आणि आवाज बंद करून बघत असे. मग चित्र झाकून नुसता आवाज ऐकत असे. असं वेगवेगळं केल्यावर चोरी सापडते. चित्रात सासू बोलत असते तेव्हा तिचं तोंड दिसतच नाही, पाठ दिसते. म्हणजे आवाज दुसऱ्या प्रसंगातला. चापट मारणारा हात एका दिवसाचा, गालावर हात ठेवणारी सून दुसऱ्या दिवसाची, कारण तिच्या बांगड्या बदललेल्या. मध्ये ढोल वाजतो तो जोड झाकायला. एकच मान तीनदा वळते, म्हणजे त्यांच्याकडे दाखवायला दुसरं काही नाही. आणि शेवटी एक जाड आवाज प्रश्न विचारतो : ती हे घर सोडून जाईल का? उत्तर कधीच देत नाही. मी दोन महिन्यांत लिहिलेल्या सगळ्या नोंदी वाचून काढल्या. डावीकडे जे होतं ते उजवीकडे जवळजवळ कुठेच नव्हतं. कोणाला तरी स्वप्न पडलेलं असायचं, नाहीतर गैरसमज झालेला असायचा, नाहीतर ते सगळे विसरूनच जायचे.

आई एका लग्नाची पंधरा दिवस वाट बघत होती. रोज प्रोमोत नवरदेवावर अक्षता पडत होत्या. शेवटी ते स्वप्न निघालं. आई माझ्याकडे वळून म्हणाली, ‘कल्ला रंगवून राह्यले हे.’

मी हसले. आणि सांगायला लाज वाटते, पण त्याच आठवड्यात मी रंगाची डबी विकत आणली. कारण वहीत चोरी सापडली होती तशी चोरीची रीतही सापडली होती. मला वाटलं, मुंबईची माणसं एवढी शिकलेली, त्यांना हे फळतं तर आम्हाला का नाही?

त्या वर्षी माझ्याकडे एक नवं नाटक आलं, ‘कुलूप लागलं माहेराला’. त्याची गोष्ट अशी. नवऱ्याच्या माराला कंटाळून एक लेक पोराला कडेवर घेऊन माहेरी येते. भाऊ बाहेरगावी. घरात एकटी वहिनी. मागून नवरा चार माणसं घेऊन येतो आहे. वहिनी नणंदेला आत ढकलते, बाहेरून दाराला कुलूप लावते आणि स्वतः उंबऱ्यावर सुपात तांदूळ घेऊन निवडत बसते. माणसं येतात, दमदाटी करतात. ती म्हणते, दिसत नाही का, कुलूप आहे, घरात कोणी नाही. ती तिथून हलत नाही. आणि शेवटच्या प्रवेशात ती तीच चावी नणंदेच्या हातात ठेवते आणि म्हणते, आजपासून या घराची एक चावी तुझ्याकडे राहील.

ही वहिनी वनमाला करत होती. वनमाला वीस हंगाम रंगमंचावर होती आणि वीसही हंगाम तिने शेजारीण, दाई, नायिकेची मावशी असलीच कामं केली होती. पंचेचाळिशीला पहिल्यांदा तिला मुख्य काम मिळालं होतं. तालमीला ती घरून स्वतःचं कुलूप घेऊन येई. कंपनीचं कुलूप नीट लागत नाही म्हणे.

ट्रेलर जोडायला बसले त्या दिवशी दुपारी ती माझ्या खोलीवर आली. चहा घेतला.  कप खाली ठेवून म्हणाली, ‘बाई, चावी दाखवा ना थोडीशी. एक सेकंद.’

मी म्हटलं, चावी दाखवली तर नाटक कोण बघेल?

‘पण कुलूप दाखवून राह्यले ना तुमी. मंग चावी काऊन नाई?’

मी तिला वही दाखवली. हे बघ, एवढ्या प्रोमोंचा अभ्यास केला आहे, एकाही ठिकाणी उत्तर दाखवलेलं नाही. तिने वही चाळली, मिटली आणि माझ्या टेबलावर सरळ करून ठेवली. अभ्यास केलेल्या माणसाशी ती काय बोलणार?

आता मी काय केलं ते ऐका. नणंद सासरच्या दारात रडते, तो पहिला प्रवेश. ते रडणं उचललं. वहिनी कुलूप लावते, तो हात उचलला. आणि नाटकाच्या मध्यावर एक प्रसंग आहे : भुकेलं पोरगं दोन भाकरी खाऊन तिसरी मागतं आणि वहिनीला हसू फुटतं. ते हसू उचललं. मग जोडलं. नणंद दारात रडते, कुलूप खट्कन लागतं, वहिनी हसते. ढोल. वर माझाच पुकाऱ्याचा जाड आवाज : माहेराला कुलूप लावणारी ही वहिनी की वैरीण?

काम सुरेख झालं होतं. आजही म्हणते. जोड दिसत नव्हता.

ट्रेलर धावत सुटला. मालक रोज फोन करून सांगायचे, इतक्यांनी पाहिला, तितक्यांनी पाहिला. मी खूश. पंधरा दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की बघणारे पुण्याचे, नाशिकचे, कुठकुठले. त्यांच्या गल्लीत मंडईचा मांडव पडत नाही. आणि इकडे बुकिंगच्या टेबलावर माशी बसेना.

पळसटोला हे गाव हंगामाचं पहिलं नाटक घेतं. आजूबाजूची गावं पळसटोल्याने काय घेतलं ते बघून आपलं ठरवतात. तिथल्या मंडळाचे लहानूभाऊ माझ्या ओळखीचे, बारा वर्षांच्या पुकाऱ्यातले. ते वडशाला आले ते मालकाच्या ऑफिसात न जाता सरळ माझ्याकडे. बसले. टोपी मांडीवर ठेवली.

‘सुमनबाई, नाटक चांगलं दिसते जी. पण आमच्या घरच्या बाया नाई म्हणून राह्यल्या.’

मी विचारलं, बायांना काय झालं?

‘त्या म्हणतात, तीन दिस आमी चुलीपाशी जळाव. नंदाइले न्हाऊ घालाव, खाऊ घालाव. आन् मंग त्याच नंदाइच्या बाजूले बसून वहिनी कशी वैरीण रायते ते पाहाव. असं नाटक आमच्या मांडवात नाई पाहिजे.’

माझं डोकं फिरलं. मी त्यांना नाही नाही ते बोलले. रोज संध्याकाळी याच बाया टीव्हीवर सुनेला विष देणाऱ्या सासवा बघतात, तेव्हा त्यांच्या चुली विझत नाहीत का? नाटक काय आहे ते न बघता नाही म्हणता? वहिनी चांगली आहे, शेवटी चावी देते. लहानूभाऊ शांतपणे म्हणाले, ‘मंग तसं दाखवलं काऊन नाई?’ आणि टोपी घालून उठले.

त्या संध्याकाळी मालकांनी मला आणि वनमालाला बोलावलं. ते म्हणाले, ट्रेलरमध्ये खोट नाही, एवढ्यांनी पाहिला. खोट चेहऱ्यात आहे. वनमालाबाईचा चेहराच कजाग दिसतो. नागपूरची एक गोरी, नाजूक बाई मिळते आहे. पळसटोल्याची तारीख गेली तर सोमवारपासून तिची तालीम सुरू.

 वनमालाने पिशवीतलं कुलूप काढलं, बघितलं, परत ठेवलं. मी मालकांवर तुटून पडले, कारण तो चेहरा कजाग मी केला होता. कोणत्या प्रवेशातलं हसू कुठे चिकटवलं हे मला ठाऊक होतं. पण तेवढं एक वाक्य मी त्या खोलीत बोलले नाही. भांडले खूप, पण ते बोलले नाही. मालकांकडून शनिवारपर्यंतची मुदत तेवढी ओढून घेतली.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं चिडेल. ती एवढंच म्हणाली, ‘त्या रंगवाल्याची टोपली मी नालीत टाकली होती. तुले कुठी टाकू?’

शुक्रवारी सकाळच्या बसने मी आणि वनमाला पळसटोल्याला गेलो. समाजमंदिराच्या ओसरीवर पंधरा-वीस बाया जमल्या होत्या. लहानूभाऊंच्या घरच्या पार्वताबाई पुढे बसल्या होत्या. पुरुष माणसं बाहेर बाभळीखाली थांबली, उगाच बैलांकडे बघत. मी आधी माझीच बाजू मांडली. जगात सगळीकडे ट्रेलर असेच असतात, टीव्हीवाले रोज असंच करतात, त्यांना तुम्ही कधी एका शब्दाने विचारलं का? आम्ही गरीब, जवळचे, म्हणून आमचाच कल्ला उघडून बघायचा, हा कुठला न्याय?

पार्वताबाईंनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, ‘टीव्हीवाल्याइले आमी मंडईले जेवाले नाई बलावत, बाई. तुमाले बलावतो.’

माझी बाजू मी तिथेच सोडली. 

मग मी जुन्या पुकाऱ्याच्या रीतीने नाटक सांगायला लागले, पहिल्या प्रवेशापासून. कुलपाचा प्रसंग आला तेव्हा वनमाला न सांगता उठली. ओसरीच्या दाराला तिने आपलं कुलूप लावलं, कोणाचं तरी सूप मागून घेतलं आणि उंबऱ्यावर बसली. दिवे नाहीत, पेटी नाही, भर दुपार. समोर नसलेल्या चार माणसांशी ती बोलत होती आणि हाताने तांदळातले खडे वेचत होती. आवाज अजिबात चढवला नाही. फक्त एकदा खडा वेचताना तिची बोटं थांबली. एका म्हाताऱ्या बाईने पुढे होऊन विचारलं, ‘मंग चावी कोनाच्या हाती जाते वो?’ वनमालाने कुलूप उघडलं, चावी काढली आणि त्या म्हातारीच्याच मुठीत ठेवली, नाटकातलं वाक्य म्हणून. म्हातारीने मूठ मिटली ती मिटलीच. चावी परत मागायला वनमालालाच जड गेलं.

बायांनी आपसात पाहिलं. पार्वताबाई म्हणाल्या की नाटक घेऊ, पण एक अट आहे. नाटकाच्या दिवशी जीपवर बसून मी पुकारा करायचा, आणि पुकाऱ्यात सांगायचं की ट्रेलरमध्ये खोटं दाखवलं.

मी भाव करायला सुरुवात केली. सवयच ती. नवा ट्रेलर बनवते, त्यात चावी घालते. म्हणाल्या, तो तर बनवाच. मंडळाच्या ग्रुपवर लिहून टाकते. म्हणाल्या, लिहिलेलं कोण वाचते. बरं, फक्त पळसटोल्यात सांगते. म्हणाल्या, ‘ज्या ज्या गावात वैरीण पायली, त्या त्या गावात सांगाव लागन.’ अशी आजूबाजूची पाच गावं निघाली. मी पाचवरून दोनवर यायला बघत होते, त्या पाचवरून खाली उतरल्या नाहीत. चिडले, पिशवी उचलली, निघाले, चार पावलं गेले. गिऱ्हाईक निघून जायला लागलं की विकणारा हाक मारतो, हा बाजाराचा नियम. मागून हाक आली नाही. वळून पाहिलं तर वनमाला उंबऱ्यावरच बसलेली होती, सूप मांडीवर घेऊन, माझ्याकडे बघत.

मी परत आले. पाच गावं कबूल केली.

नाटकाच्या सकाळी ह्यांनी आमचीच जुनी जीप काढली. भोंगा बांधला. वनमाला मागच्या सीटवर बसली. पहिल्या गावाच्या वेशीपाशी मी माइक हातात घेतला. मग बोलले. जे बोलले ते जवळजवळ असं होतं : मायबापहो, मी सुमनबाई, ट्रेलर बनवणारी. ट्रेलरमध्ये तुम्ही वहिनीला हसताना पाहिलं. ती नणंदेला बघून हसली नाही. लेकरू तिसरी भाकर मागतं म्हणून हसली. ते हसू मी तिथून काढलं आणि चुकीच्या जागी लावलं. कुलूप नणंदेला वाचवायला लावलं आहे. शेवटी चावी नणंदेला मिळते. हे ऐकून यायचं असेल तर या.

लोक दारात येऊन उभे राहिले. कोणी हसलं, कोणी टाळी वाजवली, एकाने ओरडून विचारलं की बाई, आता टीव्हीवरचं पण सांगून टाका, कोण कोणाला मारतं ते. पाचही गावं झाली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.  परतताना वनमाला म्हणाली, ‘बाई, माझं हसू वापस जागेवर ठेवलं तुमी. आता कुठी तरी गाडी थांबवा, भूक लागली.’

पळसटोल्याच्या मांडवात जागा पुरली नाही. शेजारच्या गावांनी तारखा दिल्या, जरा उशिराने, पण दिल्या. मालक म्हणाले की वनमालाबाईचा चेहरा मुळातच मायाळू आहे, त्यांना पहिल्यापासून वाटत होतं. तो हंगाम आणि पुढचा, वहिनी वनमालानेच केली. नव्या ट्रेलरमध्ये चावी आहे. एक नाही, पूर्ण चार सेकंद. त्यासाठी हिरोशी भांडले.

पण जुना ट्रेलर मला परत आणता आला नाही. तो कोणकोणत्या फोनमध्ये गेला, कुणाला ठाऊक. मागच्या महिन्यात वनमाला माजरीला बहिणीकडे गेली होती. बसमध्ये एका अनोळखी बाईने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि आपल्या पोरीला म्हणाली, हीच ती कुलूपवाली वैरीण. वनमालाने मला हे हसत हसत सांगितलं. मी त्या रात्री जेवले नाही. त्या बसपर्यंत माझी जीप पोहोचली नव्हती.

आई आता नाही. तिची खाट तिथेच आहे, मी त्यावर बसून प्रोमो बघते. वहीत एक पान मी माझ्या ट्रेलरला दिलं आहे. दाखवलं : वैरीण. झालं : चावी. बाकीच्या पानांसारखंच ते पान आहे, वेगळं काढलेलं नाही. माझी चूक मी लपवत नाही, पण म्हणून टीव्हीवाल्यांना सोडतही नाही. एका ट्रेलरसाठी मला पाच गावांत भोंग्यावरून कबुली द्यावी लागली. यांच्या चोऱ्यांनी माझी एकशे चौदा पानं भरली आहेत.

आमच्या गल्लीतला रस्ता मुख्य रस्त्याला लागतो, आणि तो रस्ता नागपूरवरून थेट मुंबईकडे जातो. सकाळी दहाच्या सुमाराला मी दारात तांदूळ निवडत बसते. भोंगा बांधलेली गाडी तिकडून अजून तरी आलेली नाही.